कोणाच्याच नावावर नसलेली बारी

तू काहीही म्हण माय, नावं लावायलेच पाहिजे होती. मी तेव्हाही म्हणत होतो. तेव्हा माझं ऐकून घ्यायचं वय नव्हतं, आता वय झालं तर ऐकायले तू नाही. "कोणाच्याच नावावर नको" हे तुझं एक वाक्य सारा पारा, आपली सारी वस्ती, आजपर्यंत डोक्यावर घेऊन फिरून राहिला आहे, आणि त्या वाक्यापायी आपली बारी, ती भाजीची जागा, दुसऱ्यांदा जायची वेळ आली आहे. पहिल्यांदा गेली तेव्हा तू नुकतीच गेली होती, म्हणून कोणी तुले दोष दिला नाही. मी देतो. इतकी वर्षं मनातल्या मनात देऊन राहिलो, आज सुट्टी आहे, खोलीवरचे बाकीचे पोट्टे कामावर गेले आहेत, म्हणून कागदावर देतो. मराठी लिहायले मले कोणी शिकवलं नाही. शाळा झाली ती हिंदीत, तीही सातवीपर्यंत, त्यामुळे तुझ्या तोंडून जसं ऐकलं तसंच इथं उतरेल. चुका काढू नको. तुले तरी कुठं लिहिता येत होतं.

झालं असं का काकीचा फोन आला. आपली काकी, शेजारची, जिले तू सख्ख्या जावेसारखी वागवली आणि सख्ख्या जावेसारखीच भांडली. ती सांगत होती का वॉर्डाचे साहेब येऊन गेले. म्हणे फ्लॅटांच्या मागची जागा परत पाऱ्यातल्या लोकांले भाजी लावायले मिळू शकते, भाडेपट्ट्यानं, बरीच वर्षं कोणी हात लावणार नाही. फक्त एक समिती करा, घरोघरचं एक नाव द्या, नावामागे थोडा हिस्सा भरा. नाही केलं तर तिथं गाड्यांची पार्किंग होणार. रविवारी बैठक आहे. मी म्हटलं, काकी, मग अडलं काय? तर म्हणते कशी, "तोर दाई कहे रिहिस, काकरो नाम नई चढ़ाना हे." तुझ्या आईनं सांगितलं होतं, कोणाचं नाव चढवायचं नाही. मी म्हटलं, अहो काकी, तिले जाऊन किती वर्षं झाली! तर, "हव, त का होगे? बात ह त हवय." माणूस गेलं तरी शब्द आहे म्हणे. पाऱ्यातली एकही बाई नाव द्यायले तयार नाही. माझं डोकं असं फिरलं का फोन ठेवून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

तुले सगळं सुरुवातीपासून सांगायची गरज नाही, पण रागात मले सुरुवात विसरल्यासारखी होते, म्हणून माझ्यासाठी सांगतो. आपण तात्यापाऱ्याच्या मागे तलावाच्या पाळीवर राहत होतो. बाबा मले नीट आठवायच्या आधीच गेलेले. घर काही चांगलं नव्हतं, पावसात तलाव चुलीपाशी येई, पण सकाळी खेड्यातल्या बाया टोपल्या घेऊन दारावरून जात. लाल भाजी, चेच भाजी, मुळा, कोवळा भोपळा. तू मराठीत भाव करायची, त्या छत्तीसगढीत, आणि दोघींनाही वाटे का आपणच जिंकलो. मग नवं राज्य झालं आणि आपलं रायपूर राजधानी झालं. सगळ्यांनी फटाके फोडले, आम्ही पोट्ट्यांनी वेचून वेचून न फुटलेले फोडले. राजधानी म्हटली का साहेब आले, साहेबांच्या गाड्या आल्या, गाड्यांले रुंद रस्ता पाहिजे, आणि रस्त्याच्या कडेले सुंदर तलाव पाहिजे. तलाव सुंदर करायचा तर पहिले आपल्याले उचलायले पाहिजे. कारण तलावात घाण जात होती ती फक्त आपलीच! मोठ्या घरांची गटारं तर जसं काही गंगाजल आणत होती.

नेऊन टाकलं तिथं शहर संपत होतं. चार मजल्यांचे फ्लॅट, पिवळा रंग, दारात एक मोठा फलक आणि त्यावर रंगवलेला नकाशा. नकाशात आपल्या इमारतींच्या मागे निळा चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं, सब्जी बाजार. मी तो फलक इतक्या वेळा वाचला का हिंदी वाचायले मी तिथंच शिकलो म्हणायले हरकत नाही. बाजार काही आला नाही. निळ्या चौकोनाच्या जागी ठेकेदारानं राहिलेला मलबा टाकला, फुटक्या फरश्या, गोणीच्या आकाराचं दगड झालेलं सिमेंट. दुकान म्हणाल तर एक, त्यात बिस्किटं, गुटख्याच्या पुड्यांच्या माळा आणि कोंब आलेले आलू. पाऱ्यात राहणारे कोण लोक आहेत हे वरच्यांले ठाऊक होतं, म्हणून बाजार पहिले दुसऱ्या वस्त्यांत झाले. आपल्याले सांगत, होगा, होगा. आणि भाजीवाला येई तो दिवेलागणीले. तुले आठवत असेल तो ठेला. तू त्याले विचारलं होतं, "भैया, सकाळी काहून येत नाही?" तर तो हसून बोलला, "दिनभर शंकर नगर में घूमता हूं ना दीदी. जो बचता है वो आपका."

जो बचता है. माय, तो शब्द मले अजून टोचतो. कारण तू स्वतः दिवसभर शंकर नगरातच होती, तीन घरची भांडी घासत होती. सकाळी तिथल्या फाटकावर पाणी शिंपडलेला पालक तू पाहायची आणि संध्याकाळी तीच जुडी, बायांनी उलटीसुलटी करून टाकलेली, आपल्या पाऱ्यात येई. तीही स्वस्त नाही, उलट महाग, कारण तो इतक्या दूर ठेला ढकलत आणत होता. तू एक टमाटर त्याच्या नाकासमोर धरून म्हणाली, "हे पाहा, यावर मॅडमचा अंगठा आहे. तिनं दाबून पाहिलं, पसंत नाही पडलं, त्याचे पैसे मी काहून देऊ?" सगळ्या बाया हसल्या. पण पैसे दिले तू, कारण दुसरं होतं काय. नाहीतर मॅडमनं दिलेले फुलकोबीचे पत्ते होते. गोभी त्यांची, पत्ते आपले. तू ते बारीक चिरून लसणात परतायची आणि मले म्हणायची, खा, हे फक्त आपल्यालेच भेटते. मी खात होतो. चव चांगली होती, हे मान्य करतो. राग चवीचा नाही.

मग ती नर्स आली, लाल गोळ्या वाटायले. तिनं पोट्ट्यांच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि बायांले रागावली, खून, म्हणजे रक्त, नाही आहे मुलांत, हिरव्या पालेभाज्या खाऊ घाला. तू म्हणाली, "सिस्टर, लिख के दे दो ना, कौन सी दुकान में मिलती है." ती नर्सपण हसली, तिचं तरी काय चुकलं. पण त्या दिवशी तू घरी आली नाही. मागे मलब्यात जाऊन उभी राहिली आणि सिमेंटचा एक गोळा उचलून बाजूले ठेवला. काकी खिडकीतून ओरडली, "का करत हस दीदी?" तू म्हणाली, "बाजार करून राहिली."

बारी असा शब्द आपल्या बोलीत नव्हता. घरामागच्या भाजीच्या तुकड्याले काकीचे लोक बारी म्हणत, म्हणून आपणही म्हणायले लागलो. कामावरून आल्यावर बाया मलबा उचलत आणि पोट्टे फरशीचे तुकडे गोळा करत. त्याखाली जमीन निघाली ती विटेसारखी कडक. मग तू ती गोष्ट केली ज्यासाठी मी तुले अर्धं माफ करतो. तलाव सुंदर करायचं काम सुरू होतं, त्याचा गाळ ट्रक भरभरून शहराबाहेर जात होता, आपल्याच रस्त्यानं. तू ट्रकच्या समोर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर शिव्या द्यायले लागला. तू म्हणाली, "भैया, तालाब तो तुम लोगों ने रख लिया. उसका कीचड़ तो हमको दो." त्याचं डिझेल वाचत होतं, त्याले काय, त्यानं तिथंच रिकामं केलं. मग दुसरा आला, तिसरा आला. आपला तलाव चिखल होऊन आपल्या मागे येऊन पडला, त्यात कोणाची तरी चप्पल, शिंपले, कोणा देवाचा मातीचा हात. त्या चिखलात लाल भाजी अशी उठली का काकी बोट तोंडात घालून पाहत राहिली.

शेती तुले येत नव्हती, हे पाऱ्यातले लोक आता विसरले आहेत म्हणून लिहून ठेवतो. पहिल्या मेथीले तू इतकं पाणी घातलं का ती सडली. काकी म्हणे, "दीदी, मेथी आय, भैंस नोहे, कतेक नहवाबे!" म्हैस आहे का ती, किती आंघोळ घालते! लावायचं, जगवायचं, किडीवर राख टाकायची, सगळं काकीचं आणि तिच्यासारख्या बायांचं. तुझं काम बोलायचं आणि नियम करायचं. आणि नियम तू केला तो असा का कोणत्याच गावात कोणी केला नसेल. प्रत्येक घराले एक वाफा. त्या घरानं लावायचं, निंदायचं, पाणी द्यायचं. पण तोडायचं नाही. तोडायचं दुसऱ्या घरानं, आणि हे तोडणारं घर दर पिकाले बदलायचं. जिनं लावलं तिनं तोडायचं नाही. तुझ्या वाफ्यातलं काकीकडे, काकीच्या वाफ्यातलं कोपऱ्यातल्या उडियाच्या बाईकडे, आणि तिच्याकडचं आपल्याकडे. बाया म्हणाल्या, हे काय खूळ आहे? तू म्हणाली, खूळच आहे, पण 'माझं' म्हणायले जागा उरणार नाही.

आणि चाललं, हेच तर नवल! आपलं दुसरी तोडणार आणि नावं ठेवणार, या भीतीनं बाया स्वतःच्या घरापेक्षा वाफा साफ ठेवत. भल्या सकाळी आरडाओरडा चालू होई, "तोर भाटा म कीरा हे!" म्हणजे तुझ्या वांग्यात अळी आहे. दुसरी म्हणे, "किडा असेल तर तुझ्या नजरेचा आहे, काल तूच टक लावून पाहत होती." तू मध्ये उभी राहून हसायची. मले ते हसणं आवडत होतं. पण मी तेव्हाही विचारत होतो, माय, ही जागा कोणाची? तू म्हणायची, सगळ्यांची. मी म्हणायचो, कागदावर? तू म्हणायची, चूप बस.

तुझं काहून असं झालं तेही मले माहीत आहे. तलावाच्या पाळीवर सर्वे झाला तेव्हा नव्या घरांच्या चिठ्ठ्या नवऱ्यांच्या नावानं निघाल्या, बाबा नव्हते म्हणून आपली तेवढी तुझ्या. काकीच्या नवऱ्यानं त्याची चिठ्ठी सदर बाजारातल्या एका कापडवाल्याले विकली, त्या पैशाची जुनी मोटरसायकल घेतली आणि त्याच मोटरसायकलवर बसून जो गेला तो गेला. घर मिळालं कापडवाल्याच्या माणसाले. काकी दोन पोरी घेऊन आपल्या स्वयंपाकखोलीत राहिली, भाड्याची खोली मिळेपर्यंत. भांडे आणि पोरी एकाच कोपऱ्यात. ती रडायची नाही, फक्त भाकर थापताना जोरात थापायची. तेव्हा तू म्हणाली होती, "नाव लागलं का ते विकायले येते." तिथून तुझ्या डोक्यात ते बसलं. तुझं म्हणणं मले समजत होतं. पण माय, विकलं ते नावानं नाही, त्या माणसानं विकलं. तू माणसाचा राग नावावर काढला.

आणि नियम म्हटला का तू दगड. तीजाचं आठवते ना? काकीकडच्या बायांले तीजाले माहेरी जायचंच असते, भाऊ न्यायले येतात, एकेक करून अर्धा पारा रिकामा झाला. आपल्या बाया हरतालिका घरीच करतात, त्या राहिल्या. आणि नेमकं त्या खेपेले आपल्या बायांनी लावलेल्या भेंड्या तोडायची पाळी माहेरी गेलेल्यांची होती! भेंड्या रोज बोटभर वाढून राहिल्या आणि आपण पाहून राहिलो. सगळ्यांनी तुले सांगितलं, अव बाई, तोडू दे, त्या थोड्याच पाहायले येतात. तू नाही म्हणजे नाही. "त्यांच्या वाट्याचं आहे, त्या आल्यावर तोडतील." त्या आल्या तेव्हा भेंडी शिंगासारखी कडक झाली होती. पोट्टे त्यानं तलवारी तलवारी खेळले. भाजीनं भरलेल्या बारीच्या काठावर बसून आपण आलू खाल्ले, कोंब आलेले, त्याच दुकानातले. मी तुले विचारलं, हे शहाणपण आहे का? तू म्हणाली, बी होईल. झालं बी. बी खाऊन कोणाचं पोट भरलं?

आणि माझा खीरा, माझी काकडी. त्याबद्दल मी लिहिणार नव्हतो, पण लिहितो. आपल्या वाफ्याच्या कडेले मी एक वेल लावला होता, स्वतः, आळं करून, काड्या बांधून. पहिला खीरा लागला तेव्हा मी रोज त्याले पाहायले जात होतो. तोडायची पाळी काकीची होती. मी तोडला आणि तिथंच बसून खाल्ला, धुतलाही नाही. तू आली, हातात टोपली होती. विचारलं, कोणी तोडला? मी म्हटलं, माझा आहे, मी लावला. आणि सगळ्या बायांसमोर तू माझ्या कानाखाली ओढली. काकी धावली, "काबर मारथस दीदी? एक ठन खीरा तो आय!" एक खीराच तर आहे, काहून मारते? तू म्हणाली, "खीऱ्याले नाही मारून राहिली. 'माझा' म्हटलं, त्याले मारून राहिली." सगळ्यांनी मान डोलावली. पाऱ्यात ती गोष्ट आजही सांगतात, पाहा कशी बाई होती म्हणून. माझ्या गालाचं कोणी सांगत नाही. माय, तलावाची पाळ आपली नव्हती, फ्लॅट आपला म्हणायचा तर दर महिन्याले कोणीतरी येऊन हप्ता मागून जाई, शाळेतला बाक चौघांचा. एवढ्याशा पोट्ट्यानं जन्मात पहिल्यांदा काही 'माझं' म्हटलं आणि ते तूच काढून घेतलं. दुसऱ्यांचं कोणाचं काढायचा तर तुझ्यात दम नव्हता. नाही, हे खोटं आहे. ट्रक तू अडवला होता. पण रागात निघालं, राहू दे.

मग पाण्याच्या नळात गटाराचं पाणी मिसळलं आणि पाऱ्यात पिलिया आला, कावीळ. ज्या घरांनी दहा वेळा सांगूनही कोणी पाइप पाहायले आलं नाही, त्या घरांत नंतर पांढरे कोट घालून लोक आले आणि म्हणाले, पाणी उकळून प्या. तू पिवळी होत गेली. मोठ्या दवाखान्यात जमिनीवर गादी भेटली. तू गेल्यावर काकीनं आपल्या खोलीवरच मले जेवायले घातलं, तिच्या पोरींबरोबर, आणि माझ्या ताटात नेहमी भाजी जास्त टाकली. ते मी विसरलो नाही.

बारीवर साहेब आले ते त्यानंतर, टेप घेऊन. मी होतो तिथं. साहेबानं विचारलं, "ये जगह किसके नाम है?" काकी म्हणाली, "सबके." साहेब हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाले हसतात तसा हसला. म्हणाला, "माताजी, सबके नाम मतलब किसी के नाम नहीं." मग कागद काढून म्हणाला, बरं, तुमच्यात मुखिया कोण, त्याचं नाव सांगा, कोणाचं तरी. बाया एकमेकींकडे पाहायले लागल्या. शेवटी एकीनं तुझं नाव सांगितलं. साहेब म्हणाला, बुलाओ उनको. आता कुठून बोलावणार? माय, मी त्या क्षणी माझं नाव सांगू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं. पण गाल आठवला आणि गप्प बसलो. मशीन आलं, वाफे सपाट झाले, आणि तिथं काय झालं ठाऊक आहे? उद्यान! भाजीच्या जागी गवत, गवतात सिमेंटचं हरीण, सिमेंटचे ससे, फवारा जो एकदाच उडाला. नळाले कुलूप. फलक लावला, फूल तोड़ना मना है. आणि दारात काळा दगड, त्यावर नावंच नावं, वरपासून खालपर्यंत, ज्यांनी मातीले कधी हात लावला नाही त्या सगळ्यांची. तू एक नाव लावलं नाही, त्यांनी जागा उरू दिली नाही. आपल्याले भिंतीकडेची एक पट्टी राहिली, हात पसरले का संपते एवढी. त्यात बाया अजून लाल भाजी लावतात आणि अजून एकीनं लावलेलं दुसरीच तोडते. उद्यानातलं गवत पहिल्या उन्हाळ्यातच मेलं. हरणाचे कान तुटले. पण पार्किंगसाठी मात्र सगळ्यांले ते आठवलं!

मी कुठं आहे ते तुले माहीत नाही. मी बंगळुरात आहे, शहराच्या पार बाहेर, एका मोठ्या गोदामात. काम काय, तर भाजी निवडायची. लोक मोबाइलवर मागवतात आणि त्यांच्या घरी चहा उकळायच्या आत पोचते. आमच्यासमोर पट्ट्यावरून टमाटर येतात. ज्याले डाग आहे ते बाजूले, ज्याचा आकार वाकडा आहे ते बाजूले. वाकडी काकडीपण बाजूले. आत गारवा असतो, बोटं बधिर होतात. बाजूले काढलेलं कुठं जाते? मोठ्या डब्यात, डब्याले झाकण, फाटकावर गार्ड, तो निघताना आमच्या पिशव्या उघडून पाहतो. एकदा मी एक वांगं खिशात टाकलं होतं, त्यानं काढून घेतलं आणि माझ्यासमोर डब्यात फेकलं. तेव्हा मले तो शंकर नगरचा ठेलेवाला देवमाणूस वाटला, खरं सांगतो. तो निदान उरलेलं आणत तरी होता. आणि संध्याकाळी मी खोलीवर काय खातो? आलू. इथंही आसपास दुसरं काही भेटत नाही, आम्ही मजूर जिथं राहतो तिथं बाजार नाही. देशातली इतकी भाजी माझ्या हातातून जाते आणि ती आपल्यासारख्यांच्या दारावर पोचायचा रस्ता कोणी केला नाही. एकच रस्ता होता, तुम्ही बायांनी मलबा उचलून केलेला, आणि तोही तू हवेत ठेवून गेली. खोलीवर खाटपण पाळीनं आहे, मी उठलो का दुसरा झोपतो. तुझा नियम इथं फार चांगला चालून राहिला आहे, तुले आनंद होईल.

मी विचार करून राहिलो, काकीच्या फोननंतर. भांडं हातातून पडलं का तू म्हणायची, डोकं वापर. वापरलं. काकीच्या नवऱ्याले विकता आलं, कारण चिठ्ठीवर एकट्याचं नाव होतं. पाऱ्यातल्या सगळ्या घरांची नावं एका कागदावर असती तर एकट्याले विकता आलं असतं का? नसतं. प्रत्येकीची सही लागली असती आणि आपल्या बाया एकमेकींच्या वांग्यावर एकमत होत नाहीत, विकण्यावर कशा होतील? तू एकट्या नावाले घाबरायले पाहिजे होतं. तू नावालेच घाबरली. एवढंच चुकलं, पण त्या चुकीवर हरीण उभं राहिलं.

आज सकाळी काकीले फोन केला आणि हे सगळं समजावलं. तुझ्याशी भांडतो तसाच बोललो, काकी हव हव करत राहिली. शेवटी म्हणाली, "तैं बने कहत हस बेटा, फेर दीदी के बात ल मैं नई काटंव." तू बरोबर बोलतो, पण दीदीचा शब्द मी मोडणार नाही. मले हसावं का डोकं आपटावं कळेना. मग म्हणालो, "काकी, मायनं दवाखान्यात मले सांगितलं होतं. म्हणाली होती, सगळ्यांची नावं लावा." तर काकी, "पहिली काबर नई बताए रे?" आधी काहून नाही सांगितलं म्हणे. मी म्हटलं, लहान होतो काकी. "हव," ती म्हणाली. आणि मग फोन हातात तसाच धरून ती जिन्यात गेली असावी, कारण मले तिचं ओरडणं ऐकू आलं, "ए, सुनव! दीदी ह खुदे कहे रिहिस, नाम चढ़ावव!" दारं उघडल्याचे आवाज आले, कोणीतरी विचारलं कब कहा, कोणी म्हणालं मेरा भी लिखो.

माझ्या सगळ्या शहाणपणाची किंमत शून्य, तुझ्या एका वाक्यानं पारा उठला. आणि ते वाक्य तुझं नाही. दवाखान्यात तू फक्त पाणी मागितलं होतं आणि मले शर्टाची गुंडी लावायले सांगितली होती. बारीचा ब काढला नव्हता. मी तुझ्या तोंडात शब्द घातले, आणि मले लाज वाटून राहिली नाही. थोडी वाटली असती तर बरं झालं असतं, एवढंच. म्हणून हे कागद कुठंच जाणार नाहीत. टाकायचे तरी कुठं, आणि काकीच्या पोरींनी वाचून दाखवले तर रविवारच्या आधीच सगळं मोडेल.

दुपारी काकीचा परत फोन आला, तुझंही नाव घाला म्हणत होती. तिनं साहेबाले विचारलं, तर जिवंत माणसाचंच चालते म्हणे. मग आपल्या घरचं माझं लिहा म्हणून सांगितलं, आडनावासकट पूर्ण. हिस्सा हजाराचा ठरला आहे, कमी नाही, जास्त नाही, सगळ्यांले सारखा. हजार रुपये पाठवून राहिलो.